रविवारची पाककृती: कॅमशाफ्ट

प्रमाण: एका जुन्या मारुती 800 ला पुरेल.
वेळ: मिस्त्रीला अर्धा दिवस, तुम्हाला रविवार आणि सोमवारची रजा.

साहित्य: 10, 12, 14 आणि 17 चे पाने, नवा टाइमिंग बेल्ट, नवी ऑइल सील, फिलर गेज, व्हाइटनर, जुनं बनियन, इंजिन ऑइल, चवीपुरत्या शिव्या. 10 चे पाने दोन घ्या. त्यातला एक हरवण्यासाठी असतो.

कृती:

1. बॅटरीची मायनस वायर काढा. घरातून “येतं का तुम्हाला?” असा प्रश्न येईल. ऐकू आलं नाही असं दाखवा.

2. स्पार्क प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरतं. मग फॅन बेल्ट, खालची पुली आणि कव्हर उतरवा. निघतील ते बोल्ट क्रमाने इडलीपात्राच्या खळग्यांत ठेवा. एकाच डब्यात टाकले तर शेवटी तीन उरतात.

3. क्रँक पान्याने फिरवून खुणा जुळवा. क्रँकची खूण जागेवर, पण कॅमची नेमकी उलट्या बाजूला? घाबरू नका. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. क्रँक आणखी एक फेरा फिरवा. जुळल्या की खुणांवर व्हाइटनरचे ठिपके द्या.

4. टेन्शनर ढिला करून बेल्ट काढा. यापुढे काहीही उगाच फिरवायचं नाही. बऱ्याच इंजिनांत वर आलेला पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, आणि वाकलेला व्हॉल्व्ह शिव्यांनी सरळ होत नाही.

5. कॅमची पुली आणि डिस्ट्रिब्युटर काढा, टॅपेटचे स्क्रू ढिले करा, रॉकर शाफ्ट सरकवून काढा. आता कॅमशाफ्ट. दाढ उपटल्यासारखा ओढू नका. ओल्या केसांतून कंगवा काढतात तसा, अडला की थांबून, जरा फिरवून. बाहेर आला की बनियनने पुसा आणि त्याच्या अंड्याच्या आकाराच्या उंचवट्यांवरून नख फिरवा. नख अडलं तर नवा कॅम आणा.

6. बसवताना सगळं उलट्या क्रमाने. कॅमला भरपूर ऑइल, बेल्टला एक थेंबही नाही. खुणा जुळवून, टेन्शनरच्या समोरची बाजू ताठ ठेवून बेल्ट चढवा. टॅपेट गेजने नव्याने लावा.

7. किल्लीला हात लावायचा नाही! आधी क्रँक पान्याने, इंजिन फिरतं त्याच दिशेने, पूर्ण दोन फेरे फिरवा. बेल्टचा ढिलेपणा निघेल. टेन्शनर घट्ट करा, खुणा पुन्हा पाहा. जुळल्या तरच किल्ली.

टीप: पहिल्या वेळी हे दोन फेरे मी टाळले. गाडी चालू झाली, मी पेढे वाटले. कात्रजच्या चढावर ती दुसऱ्या गिअरमध्येही धापा टाकू लागली. बेल्ट एक दात चुकला होता. सगळं पुन्हा उघडावं लागलं, आणि त्या वेळी इडलीपात्र मिळालं नाही.