वायफायकाका

प्रत्येक सोसायटीत एक सेक्रेटरी असतो, एक भांडकुदळ असतो आणि एक वायफायकाका असतो. काकांना बोलावणं धाडावं लागत नाही. "हल्ली नेट फारच रडतंय" एवढं जिन्यात कुणी पुटपुटलं, की ते बनियनवर सदरा चढवत दारात हजर.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतले काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. नुसती खरखर ऐकून लाइन कुठे तुटलीय ते ओळखायचे, असं ते स्वतःच सांगतात. सदऱ्याच्या खिशात अजून टेस्टर असतो. बिनतारी नेटला टेस्टर लावायचा कुठे, हे विचारायची सोय नाही.

लॅपटॉप स्लो आहे म्हटलं की काका लॅपटॉपकडे ढुंकूनही पाहत नाहीत. ते भिंतींकडे पाहतात. "राऊटर कुठाय?" राऊटर टीव्हीच्या मागे, मखराच्या खोक्याखाली. "वहिनी, गुदमरवलंत हो त्याला!" मग लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि माशांची टाकी यांच्यावर आरोपपत्र ठेवलं जातं. पंचाईत अशी की त्यातलं बरंचसं खरं असतं. धातू लहरी परतवतो, पाणी त्या पिऊन टाकतं. मायक्रोवेव्ह चालतो 2.45 गिगाहर्ट्झच्या आसपास, आणि वायफायचा जुना पट्टाही नेमका तिथलाच. म्हणून सुनेची मीटिंग चालू असताना कित्येक घरांत पापड भाजायला काकांची बंदी आहे.

त्यांचा खरा जीव चॅनेलमध्ये. डोंबिवलीत शेजारच्या इमारतीतली फोडणी आपल्या घरात येते, तिथे त्यांचं वायफाय का येणार नाही? वायफायच्या त्या जुन्या पट्ट्यात आपल्याकडे 13 चॅनेल, पण एकमेकांना न घासता बसणारे तीनच: 1, 6 आणि 11. "बाकीचे सगळे लोकलमधले चौथ्या सीटवाले," काका म्हणतात, "स्वतः धड बसत नाहीत आणि दुसऱ्यालाही बसू देत नाहीत."

अँटेनाच्या बाबतीत मात्र ते ठार चुकतात. दांडीचं टोक ते बेडरूमवर रोखतात. लहरी पसरतात दांडीच्या बाजूंनी आणि टोकाच्या दिशेनेच सर्वांत दुबळ्या असतात. हे त्यांना सांगणार कोण?

"शंभरचा प्लॅन, आणि डाउनलोड बाराच दाखवतो," अशी तक्रार कुणी केलीच, तर चहाचं आधण पुन्हा ठेवावं लागतं. प्लॅन मोजतात मेगाबिटमध्ये, फाइल उतरते मेगाबाइटमध्ये, आठ बिटांचा एक बाइट. "बाराच येणार!" भागाकार करून झाल्यावर आपण तक्रार केली याचीच माणसाला लाज वाटते. नेट तेवढंच स्लो राहतं.

परवा तळमजल्यावरचा कॉलेजातला पोरगा म्हणाला, "काका, एकदा केबल लावून बघू का? केबलवर नीट चाललं तर दोष वायफायचाच." मुद्दा बिनतोड होता. पण उभा जन्म तारा ओढण्यात गेलेला हा माणूस दुखावल्या आवाजात म्हणाला, "तार लावून काय, कुणीही चालवेल."

गेल्या आठवड्यात आमच्या लेकीच्या लॅपटॉपची पाळी आली. काकांनी राऊटर बंद-चालू केला, कपाट सरकवलं, चॅनेल अकराचा एक केला, पुन्हा अकरा केला. ढिम्म. शेवटी लेकीनेच स्क्रीनचा कोपरा पाहिला.

"काका, हा आपल्या राऊटरला जोडलेलाच नाहीये. हा तुमच्या घरच्या वायफायवर आहे. स्लॅबमधून येतंय."

गणपतीत आमचं नेट गेलं होतं तेव्हा काकांनीच तो 'तात्पुरता' स्वतःच्या नेटला जोडून दिला होता. लॅपटॉप ओळखीचं घर विसरला नव्हता.

काकांनी चष्मा काढून पुसला. "तरीच माझ्याकडे रोज संध्याकाळी मॅच अडकते!"

मग टेस्टर खिशात टाकत, जरा खालच्या आवाजात, त्यांनी आमच्या हिला विचारलं, "वहिनी, गणपतीत आणखी कुणाकुणाचं नेट गेलं होतं हो?"