नाच कुणाच्या नावावर?

"कोपऱ्यावरची ती पोरगी चेन्नैला जाऊन काळा घट्ट सूट घालून नाचली. अंगभर पांढऱ्या गोट्या चिकटवून! ऐकलंस का गे?"

अक्कांची बातमी अशी कुंपणावरून थेट डोक्यावरच पडते. हात कढीपत्त्याच्या झाडात असला तरी कान त्यांच्याकडे द्यावाच लागतो. त्या अस्सल तंजावरच्या, भोसल्यांच्या राज्यात इकडे आलेल्या घराण्यातल्या. मी साताऱ्याची, नवऱ्याच्या बँकेच्या बदलीनं आलेली.

"मोशन कॅप्चर म्हणतात त्याला, अक्का."

"मला शिकवतेस? माझ्या भाच्यानंच नेली ना तिला!"

मग सगळं साग्रसंगीत कळलं. भोवती कॅमेरे लावतात, त्या गोट्या त्यांच्या प्रकाशात चकाकतात आणि कोपर कुठं, गुडघा कुठं, हे कॉम्प्युटर क्षणाक्षणाला टिपतो. पोरीनं भरतनाट्यममधला अलारिप्पु केला. गुडघे वाकवून अर्धं बसायची अरमंडी सुरेख उतरली, पण मुद्रांचा पार विचका झाला. एक हात दुसऱ्याआड गेला की गोटी कॅमेऱ्याला दिसेना. बोटांसाठी वेगळे हातमोजे हवेत म्हणे, आणि चेहऱ्यासाठी तोंडासमोर वेगळा कॅमेरा.

"म्हणजे बोटं नाहीत, डोळे नाहीत. मग राहिलं काय? कवायत!" अक्का म्हणाल्या.

भाच्याचा बेत मोठा आहे. पोरगी खऱ्या चौकात नाचणार, प्रेक्षक डोळ्यांवर चष्मे चढवून बसणार, आणि त्यांना तिच्या शेजारी ठिपक्यांची आणखी एक तीच नाचताना दिसणार. ती दुसरी खांबामागून गेली तर खांबाआड दिसेनाशी झाली पाहिजे, तिचं पाऊल फरशीला टेकलं पाहिजे. चष्म्याला खांब आणि फरशी आधी ठाऊक नसली तर ती बया अधांतरी तरंगते. म्हणून जागा मोजून घ्यायची. त्यानं सुरुवात अक्कांच्याच घरापासून केली. त्याच्या फोनमध्ये लायडार आहे. न दिसणारा लेझर किरण टाकायचा, तो आपटून परत यायला किती वेळ लागला ते पाहायचं आणि त्यावरून अंतर काढायचं. असे ढीगभर ठिपके जमले की घर उभं राहतं.

"मुदपाकखाना आला, झोपाळा आला. आणि आमचा बाळकृष्ण? तिथं भोक!"

बाळकृष्ण म्हणजे हॉलमधलं तंजावर शैलीचं चित्र, सोन्याचा वर्ख, काचेचे खडे, वर काचेची चौकट. चकचकीत वस्तूवरून किरण भलतीकडेच उडतो. आरसा असला तर भिंतीपलीकडे नसलेली खोलीच तयार होते. भाच्यानं आता त्या चित्रावर चादर टाकून पुन्हा स्कॅन केलंय. देवाला झाकून घराचं माप घेतलं याचं अक्कांना काही वाटलं नाही. मला थोडं वाटलं.

खरी मेख पुढे आहे. भाच्याला चौकावर थांबायचं नाही, त्याचा डोळा पेरिय कोविलवर, म्हणजे इथल्या बृहदीश्वराच्या मोठ्या देवळावर आहे. त्याच्या विमानात, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखरात, वरच्या मजल्यावर गाभाऱ्याभोवती एक बोळ आहे. त्यात नाट्यशास्त्रातली करणं, म्हणजे नाचातल्या ठरलेल्या हालचाली, कोरलीयत. 108 पैकी 81 झाली, पुढचे दगड कोरेच राहिले. ते का राहिले, यावर विद्वान अजून वाद घालतात. तो बोळ सहसा सगळ्यांना खुला नसतो, त्यामुळे त्याचं नीट स्कॅन झालं तर नृत्य शिकणाऱ्या पोरींना घरबसल्या त्यात फिरता येईल. इथवर माझी ना नाही. पण भाचा म्हणतो, त्या कोऱ्या 27 दगडांवर आपल्या पोरीची करणं उमटवू. चष्मा घातला की दिसतील, काढला की दगड कोरा.

"अपुरं राहिलेलं अपुरंच राहू द्यावं," मी म्हणाले. "आणि पूर्ण 108 पाहायची तर आमच्या साताऱ्याला या. पद्मा सुब्रह्मण्यम यांनी तिथल्या नटराज मंदिरासाठी सगळीच्या सगळी घडवून घेतलीयत."

"तिथं केली ती चालतात, इथं उजेडाची केली तर का नको? दगडाला ओरखडासुद्धा नाही पडायचा."

मला वाटलं होतं की अक्का माझ्याच बाजूनं बोलतील. "पण देवळात यंत्रं, अक्का..."

"यंत्रं काय आज आली? 1808 साली तो लॅम्टन साहेब अर्ध्या टनाचं थिओडोलाइट दोर बांधून आमच्या विमानावर चढवत होता, देश मोजायला. दोर तुटला, यंत्र भिंतीवर आपटून वेडंवाकडं झालं. तंबूत बसून त्यानं ते स्वतःच्या हातानं सरळ केलं. देऊळ जागच्या जागी आहे! आणि आमच्या शरभोजीराजांनी 'देवेंद्र कुरवंजी' या नाटकात कुरवंजीच्या, म्हणजे भविष्य सांगणाऱ्या बाईच्या, तोंडी अख्ख्या जगाचा भूगोल घातला, तोही मराठीत. नाचगाण्यातून जागा दाखवणं आम्हाला नवं नाही गे."

नाटकाचं नाव निघालं म्हणून मी स्ट्रॅटफर्डचा विषय काढला. तिथं 2016 साली रॉयल शेक्सपिअर कंपनीनं 'द टेम्पेस्ट' केलं, तेव्हा एरियल झालेला नट सेन्सर लावलेला सूट घालून रंगमंचावरच वावरत होता आणि त्याच्या हालचालींवर प्रकाशाचा एरियल वर उडत होता.

"नटाचं नाव काय?"

"मार्क क्वार्टली."

"बघ! तुला इथं तंजावरात बसून माहीत. आता आमच्या पोरीचं सांगते." अक्का कुंपणाला टेकून उभ्या राहिल्या, म्हणजे खरी बातमी आता. चेन्नैच्या त्या स्टुडिओनं तिला एका दिवसाचे पैसे दिले आणि एक कागद पुढे केला: टिपलेल्या हालचाली कायमच्या त्यांच्या, कुठंही वापरतील, कुणाच्याही अंगावर चढवतील. उद्या एखाद्या व्हिडिओ गेममधली राक्षसीण तिच्या पावलांनी नाचली तरी हिला पत्ता नाही. नशीब, आई सोबत होती. सही राहिली.

"राजराज चोळ बरा म्हणायचा," अक्का म्हणाल्या. त्यानं 1010 साली देऊळ पुरं केलं आणि ठिकठिकाणच्या देवळांतून चारशे नर्तकी आणून आसपास वसवल्या. भिंतीवर एकेकीचं नाव कोरलंय, कुठल्या देवळातून आली, कुठल्या रस्त्याच्या कुठल्या ओळीत कितवं घर, सगळं. दक्षिणेकडच्या ओळीत पहिल्याच घरी चेरमंगै. प्रत्येकीला वर्षाला शंभर कलम भात, कलम हे तेव्हाचं धान्याचं माप. ती मेली किंवा परगावी गेली तर जवळच्या नातलगानं काम करायचं आणि भात घ्यायचा. त्याला येत नसेल तर येणारी बाई नेमायची.

"पण त्या आपण होऊन आल्या, की आणल्या?" मी विचारलं.

"ते भिंतीवर नाही." अक्का जरा थांबल्या. "आणि पुढे तर तेवढंही राहिलं नाही. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम, वडिवेलु, या चौघा भावांनी शरभोजीराजांच्या दरबारी आजचा मार्गम, म्हणजे नाचाच्या कार्यक्रमाचा क्रम, बसवला, अलारिप्पुपासून तिल्लानापर्यंत. चौघांची नावं शाळेतली पोरंही सांगतील. त्यांच्यापुढे नाचल्या त्या कोण, तू सांग."

मला एकही सांगता आलं नाही.

"म्हणून भाच्याला सांगितलंय. कोऱ्या दगडावर खुशाल नाचव तिला, पण चष्म्यात पहिल्यांदा तिचं नाव दिसलं पाहिजे, गुरूचंही. दुसरीकडे कुठं वापरलंत तर दर वेळी पैसे, आणि राक्षसीण करायची तर आधी विचारा."

"मानलं त्यानं?"

"तो काय मानतो, कागद स्टुडिओचा आहे. संध्याकाळी तिची आई येतेय तो घेऊन. तूपण ये, तुझ्या नवऱ्यालाही आण, बँकेत रोज असले बारीक अक्षरातले कागद वाचतो ना तो? आणि येताना कढीपत्ता आण, तोडतेयस तेवढा तुला एकटीला संपायचा नाही."