गाडी चालवायला आम्हालाच येत नाही, साहेब!

मा. ड्युअल क्लच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स (ड्राय क्लच शाखा) यांस,
मुक्काम पोस्ट: सेकंडहँड फॅमिली गाडीचं बॉनेट

स. न. वि. वि.

जुन्या गाड्यांच्या बाजारात आपला मुक्काम वाढला आहे, हे पाहून आनंद झाला. 'सिंगल हँड, डॉक्टरांची गाडी, शोरूम कंडिशन, एक रुपयाचं काम नाही' अशा जाहिरातींत आपण जागोजागी असता, पण नावानिशी फार क्वचित. तिथे आपण नुसते 'ऑटोमॅटिक'. अल्टोतला बापडा एएमटी, होंडातला सीव्हीटी, जुन्या जमान्यातला टॉर्क कन्व्हर्टर आणि आपण, सगळे एकाच पाटीखाली उभे. गिऱ्हाईक विचारतं, 'गिअर टाकावे लागत नाहीत ना?' एजंट म्हणतो, 'नाही.' झाली चौकशी. एवढ्या नम्रपणे ओळख लपवणारी मंडळी हल्ली उरलीत कुठे?

आपलं घराणं थोर आहे, यात वाद नाही. आडॉल्फ केग्रेस या फ्रेंच अभियंत्याने दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच दोन क्लचची कल्पना मांडली. ऐंशीच्या दशकात पोर्शने ती शर्यतीच्या ९६२ मध्ये पळवून दाखवली आणि २००३ मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ आर३२ मधून ती 'डीएसजी' या नावाने सामान्य गिऱ्हाइकाला विकली. एका क्लचकडे १, ३, ५, ७ हे गिअर, दुसऱ्याकडे २, ४, ६ आणि रिव्हर्स. गाडी तिसऱ्यात असतानाच चौथा लागून तयार बसलेला असतो. एक क्लच सुटतो, दुसरा धरतो, मागच्या सीटवर झोपलेल्या आजींना कळतही नाही. द्रुतगती मार्गावर खालापूरचा टोल ओलांडून ॲक्सिलरेटर दाबला की आपली जी कामगिरी दिसते, तिच्यापुढे बाकीचे ऑटोमॅटिक सुस्तच वाटतात. हे प्रामाणिकपणे लिहितो आहे, कारण पुढचं सगळं आपल्याला झोंबणारं आहे.

त्या पहिल्या सहा गिअरच्या डीएसजीत क्लच तेलात बुडालेले असत. तेल चांगलं सहा-सात लिटर. घासण्यातून निर्माण झालेली उष्णता तेच वाहून नेई. पण तेल फिरवायला पंप लागतो, पंप इंजिनाची ताकद खातो आणि पेट्रोल जास्त जळतं. म्हणून २००८ मध्ये लहान गाड्यांसाठी आपला अवतार झाला: सात गिअर, कोरडे क्लच, गिअरपुरतं जेमतेम १.७ लिटर तेल, वजन कमी, खर्च कमी, ॲव्हरेज जास्त. झेपेल तो टॉर्क मात्र २५० न्यूटन-मीटर, त्याहून जास्त नाही. भारतात आलेल्या ऑक्टेव्हियाच्या १.८ लिटर टर्बो इंजिनाचा टॉर्क किती ठेवला होता? २५०. आजच्या कुशाक, स्लाव्हिया, टायगुन, व्हर्टसच्या १.५ लिटर इंजिनाचा? २५०. पेला काठोकाठ भरून तो न सांडता नेण्याची जबाबदारी संध्याकाळी सात वाजता पुण्याच्या सिंहगड रोडवरून जाणाऱ्या माणसावर टाकायची, हा हिशेब ज्याने केला त्याला माझा दंडवत.

कारण सिंहगड रोडवर होतं असं की, गाडी धड थांबत नाही आणि धड पळतही नाही. ताशी चार किलोमीटरने सरपटते. टॉर्क कन्व्हर्टर असता तर इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेल घुसळलं असतं, कुणी कुणावर घासलं नसतं. आपल्याकडे मात्र क्लच अर्धा धरून, अर्धा सोडून घासत राहतो, तेही कोरडा, बंद डब्यात, चाळीस अंशांच्या उन्हात. प्लेट तापते, अस्तर चकाकतं आणि दुसऱ्यातून पहिल्यात येताना गाडी थंडी भरल्यासारखी हुडहुडते. यावर जाणकारांचा सल्ला असा की, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा, गाडी सरपटू देऊ नका, थांबायचं तर ब्रेक पूर्ण दाबून थांबा. सल्ला उत्तम आहे. पुण्यात पुढच्या गाडीपासून दोन मीटर अंतर ठेवून बघा, त्यात एक रिक्षा, दोन ॲक्टिव्हा आणि झोमॅटोचा एक मुलगा मावतो.

बरं, हे कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. चीनमधल्या गिऱ्हाइकांनी एवढा आरडाओरडा केला की २०१२ मध्येच फोक्सवॅगनने तिथे डीएसजीची वॉरंटी दहा वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर केली. मार्च २०१३ मध्ये ग्राहक दिनाच्या कार्यक्रमात तिथल्या सरकारी वाहिनीने आपली अब्रू टांगली आणि पाठोपाठ ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलावल्या गेल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जगभरच्या सुमारे १६ लाख गाड्यांतलं आपलं सिंथेटिक तेल काढून खनिज तेल भरायचा निर्णय झाला. कारण काय? उष्ण, दमट हवा आणि रखडत चालणारी वाहतूक असेल तर त्या सिंथेटिक तेलामुळे आपला विद्युतपुरवठा बिघडू शकतो. उष्ण, दमट आणि रखडत. कुर्ल्याहून अंधेरीला जाणाऱ्या माणसाला याहून नेमकं वर्णन कोण देणार? म्हणजे आपल्याला आमची हवा सोसत नाही, हे २०१३ मध्येच लेखी आलं होतं. त्याच सुमारास इथे पोलो जीटी आणि व्हेंटोमध्ये बसून आपण चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडत होता, ही निव्वळ वेळ जुळून आल्याची गोष्ट.

आपले अमेरिकी चुलत बंधू, फोर्डचे पॉवरशिफ्ट, यांची आठवण इथे काढलीच पाहिजे. सहा गिअर, तेही कोरडेच. फिएस्टा, फोकस आणि भारतातल्या पहिल्या इकोस्पोर्टमध्ये ते होते. गाडी थरथरते, झटके मारते, चौकात मधेच ताकद सोडते अशी तक्रार घेऊन ऑस्ट्रेलियातली माणसं गेली, तेव्हा त्यांना काय ऐकवलं गेलं? दोष तुमच्या चालवण्याच्या पद्धतीचा! एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने तक्रारी अशा हाताळल्याबद्दल कंपनीला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. हा गिअरबॉक्स असलेल्या सुमारे ७३ हजार गाड्या त्या देशात विकल्या गेल्या होत्या आणि त्यातल्या निम्म्यांना निदान एकदा तरी त्यासाठी दुरुस्तीला जावं लागलं होतं. एवढी छत्तीस-सदतीस हजार माणसं एकाच देशात, एकाच वेळी गाडी चालवायला विसरली! पुढे २०१९ मध्ये डेट्रॉइट फ्री प्रेसने कंपनीची आतली कागदपत्रं छापली. त्यांतून दिसलं की गाडी बाजारात येण्याआधीच तिथले अभियंते या यंत्राबद्दल सावध करत होते.

ऑस्ट्रेलियातल्या त्या खटल्यात तिथल्या ग्राहक आयोगाने केलेला आणखी एक आरोप मला सर्वांत जास्त भावला. गिऱ्हाइकांनी वैतागून परत केलेल्या गाड्या पुढे घाऊक व्यापाऱ्यांना आणि साध्या लोकांना विकल्या गेल्या, आणि विकताना आधीच्या तक्रारी सांगितल्या गेल्या नाहीत. साहेब, आपल्या धंद्याचं मर्म याच आरोपात आहे. पहिला मालक तक्रार करतो, भांडतो, कोर्टात जातो. दुसऱ्या मालकाला तक्रार होती हेच ठाऊक नसतं.

आपल्या पोटातल्या मेकॅट्रॉनिकची चौकशी केली नाही तर तो रागवेल. कंट्रोल युनिट, व्हॉल्व्ह, सोलेनॉइड, दाब तयार करणारा पंप आणि तो दाब साठवणारा ॲक्युम्युलेटर असा सगळा संसार एकाच घरात. ॲक्युम्युलेटरच्या बैठकीला तडा गेला की दाब जातो आणि दाब गेला की गिअर जातात. मीटरवर पाना लुकलुकतो आणि गाडी भर फ्लायओव्हरवर न्यूट्रलला जाऊन बसते. सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं: 'मेकॅट्रॉनिक गेलं, पूर्ण असेंब्ली टाकावी लागेल.' बिल लाखाच्या पुढे. काही खासगी गॅरेजवाले तडा गेलेला तेवढाच भाग बदलून तेच युनिट पुन्हा चालतं करतात, फार कमी पैशांत. हे ज्ञान मालकापर्यंत साधारणपणे पहिलं बिल भरून झाल्यावर पोचतं.

विकायला काढल्या दिवशी आपलं वागणं मात्र वाखाणण्यासारखं. साहेब तपासणीला येणार म्हटल्यावर शाळा जशी वागते, तसे आपण वागता. आदल्या रात्री कुणीतरी स्कॅनर लावून फॉल्ट कोड पुसतं, क्लचचं अडॅप्टेशन नव्याने करून घेतं आणि चार-आठ दिवस आपण लोण्यासारखे चालता. गिऱ्हाइकाला टेस्ट ड्राइव्ह सकाळी आठला, इंजिन गार असताना, सोसायटीच्या मागच्या सपाट रस्त्यावर. घोटभर चहा, 'बघा, काही आवाज आहे का?' आणि टोकन. आवाज नसतोच. आपण तापायला अर्धा तास लागतो आणि एजंटला तेवढा वेळ नसतो.

कायद्याचं विचाराल, तर आमच्याकडे सदोष वाहनं सक्तीने परत बोलावण्याची तरतूद १ एप्रिल २०२१ पासून आहे, पण सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांसाठी. आणि ज्या पोलो, व्हेंटो, ऑक्टेव्हिया, इकोस्पोर्ट आज तीन-पाच लाखांत मध्यमवर्गाच्या दारात येतात, त्यांतल्या बहुतेकींनी ही सात वर्षं केव्हाच ओलांडली. फोर्डने तर सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचंच जाहीर केलं. वॉरंटी संपलेली, कायदा हद्दीबाहेर, पहिला मालक बंगळुरूला बदलून गेलेला. आपल्यासाठी याहून निवांत जागा कुठली?

तेलात बुडालेले आपले भाऊबंद एवढे बदनाम नाहीत. दर ६० हजार किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलला, तर त्यांतले बरेच मुकाट्याने काम करतात. टाटांनी अल्ट्रोजसाठी डीसीए हा ड्युअल क्लच गिअरबॉक्स आणला तो तेलातल्या क्लचचाच. आणि चाकणच्याच कारखान्यातून १.० लिटर इंजिनासोबत साधा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर बाहेर पडतो. तो शर्यत जिंकणार नाही, पण सिंहगड रोडवर शर्यत असतेच कुठे? तेव्हा दोन क्लचची कल्पना गुन्हेगार नाही. गुन्हेगार आपण: तेल वाचवून गर्दीत उतरवलेले, आणि बिघडलात की चालकाकडे बोट दाखवणारे. आपल्या बाजूने लढणारे म्हणतील की माझ्या गाडीने लाख किलोमीटर केले, कधी कुरकुर नाही. खरं असेल. त्यांचा रोजचा रस्ता बघावा, बहुधा हायवे निघेल.

आता चार शब्द हे पत्र वाचणाऱ्या, खिशात टोकनची रक्कम घेऊन निघालेल्या माणसासाठी. गाडीत ड्राय क्लच आहे का, हे मॉडेल आणि साल सांगून एजंटऐवजी मेकॅनिकला विचारा. टेस्ट ड्राइव्ह संध्याकाळी, गर्दीत, किमान पाऊण तासाची घ्या. गाडी पूर्ण तापल्यावर चढावर थांबवा, पुन्हा उचला, मग त्याच चढावर रिव्हर्समध्ये घ्या. थरथर असेल तर तिथेच दिसेल. स्वतःचा माणूस नेऊन स्कॅनर लावा आणि कोड नुकतेच पुसलेत का, ते तपासायला सांगा. क्लच आणि मेकॅट्रॉनिक कधी बदलले याची बिलं मागा. 'बिल सापडत नाही' म्हणाले तर ते काम झालेलंच नाही असं धरून चाला. गिअरबॉक्स नाव घेऊन कव्हर करणारी लेखी वॉरंटी मिळत नसेल, तर मेकॅट्रॉनिक आणि क्लचचा खर्च गाडीच्या किमतीतून आधीच वजा करा. तो आकडा विकणाऱ्याला मान्य नसेल, तर गाडी त्याच्याच दारात राहू द्या.

आपला,
डावा पाय रिकामा ठेवून ट्रॅफिकमध्ये अडकलेला एक चालक