खांबच्या वाटेवरचे अक्षांश-रेखांश

पेणहून खांबकडे निघालेल्या छायाचित्रकाराने कॅमेऱ्यासोबत कोणते जीपीएस उपकरण बाळगावे, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक असला, तरी त्याचा निकाल अखेर मुंबई-गोवा महामार्गच लावतो. जिओटॅगिंग म्हणजे छायाचित्राच्या फाइलमध्येच, एक्झिफ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माहितीच्या कप्प्यात, ते जेथे टिपले त्या जागेचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवणे. रोहा तालुक्यातील खांब हे गाव १८ अंशांच्या पुढे उत्तर अक्षांशावर आणि ७३ अंशांच्या पुढे पूर्व रेखांशावर असल्यामुळे, या नोंदीत पूर्वेच्या जागी पश्चिम पडली, तर अख्खे गाव उचलून कॅरिबियन समुद्राकाठच्या हैती देशापाशी जाऊन बसते. आणि दोन आकड्यांची अदलाबदल झाली, तर ते नॉर्वेच्या उत्तरेकडील गारठ्याच्या समुद्रात बुडते. हा दुसरा प्रसंग अगदीच अशक्य नाही, कारण मार्ग साठवण्याच्या जीपीएक्स या पद्धतीत अक्षांश आधी लिहिण्याचा रिवाज आहे, तर केएमएल या पद्धतीत पहिला मान रेखांशाचा असतो, आणि या मानापमानात खांबजवळच्या सुरगड किल्ल्याच्या पायथ्याशी घामाघूम झालेला प्रवासी नकाशावर भर समुद्रात सापडतो.

उपकरणांचा पहिला वर्ग कॅमेऱ्याच्या डोक्यावर, म्हणजे फ्लॅश बसवण्याच्या खाचेत, आरूढ होतो. निकॉनचे २००८ सालचे जीपी-१ हे अशा उपकरणाचे ठळक उदाहरण असून ते वीजही कॅमेऱ्याच्याच बॅटरीतून घेते. बराच काळ बंद राहिलेल्या ग्राहकयंत्राला सर्व उपग्रहांचे पंचांग, म्हणजे कोणता उपग्रह साधारण कोठे असेल याचे वेळापत्रक, उपग्रहांकडून पूर्ण उतरवून घ्यायला साडेबारा मिनिटे लागतात. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून येणारा हा क्षीण संदेश एसटीच्या पत्र्याच्या छपराला भेदू शकत नसल्याने प्रवासी कॅमेरा खिडकीबाहेर धरू पाहतो आणि कंडक्टर हात आत घेण्याची आज्ञा करतो. अशा वेळी अंतराळविज्ञानाला परिवहन खात्यापुढे नमते घ्यावे लागते.

कॅननच्या २०१२ सालच्या जीपी-ई२ या उपकरणात कॅमेऱ्याची दिशा नोंदवणारे होकायंत्रही आहे. तथापि होकायंत्राला लोखंड आणि वीज यांचे वावडे असते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचे चुंबकीय काम १९०४ मध्ये खांबच्याच जिल्ह्यातील अलिबागला हलवावे लागले होते. वेधशाळेला खाडीपलीकडे स्थलांतर करण्याची सोय होती, परंतु एसटीत खिडकीच्या गजाला टेकलेल्या चिमुकल्या होकायंत्राला ती नसल्यामुळे, त्याने सांगितलेली सुरगडाची दिशा खांबच्या थांब्यावर उतरेपर्यंत प्रमाण मानू नये.

दुसरा वर्ग लॉगरचा, म्हणजे पिशवीत किंवा पट्ट्याला राहून ठरावीक अंतराने जागा व वेळ टिपणाऱ्या यंत्रांचा. सोनीचे २००६ सालचे जीपीएस-सीएस१ दर १५ सेकंदांनी नोंद करी. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तेवढ्या वेळात २५० मीटर पुढे जाते, तर खड्ड्यांतून ताशी १२ किलोमीटरने रांगणारी गाडी केवळ ५० मीटर. यावरून रस्ता जितका वाईट तितकी नोंद दाट, हा सिद्धान्त निघतो आणि महामार्गाच्या रखडलेल्या कामाचे एक शास्त्रीय समर्थनही हाती लागते.

लॉगरची नोंद आणि छायाचित्र यांची गाठ संगणकावर वेळेवरून मारली जाते. लॉगर जागतिक प्रमाणवेळ पाळतो, तर कॅमेरा भारतीय. हा साडेपाच तासांचा फरक कोणी पाचच तास धरला, तर रस्ता मोकळा असल्यास पेणच्या गणपती कारखान्यातील मूर्ती नागोठण्याच्या आसपास प्रकट होते. गाडी वडखळच्या कोंडीत उभी असल्यास मात्र अर्ध्या तासाच्या चुकीने नकाशावर काहीच बिघडत नाही. यावर साधा उपाय असा की प्रवासारंभी लॉगरच्या किंवा जीपीएसवर चालणाऱ्या मोबाइलच्या घड्याळाचेच एक छायाचित्र काढावे आणि घड्याळांतील फरक त्यावरून मोजावा.

आज मोबाइलही लॉगरचे काम करत असल्याने वेगळी खरेदी अनेकदा टळते. तरीही निवडीचा प्रश्न उरलाच, तर कौल लॉगरच्याच बाजूने द्यावा लागतो. कारण कॅमेऱ्यावरचे उपकरण फक्त छायाचित्रांच्या जागा सांगते, तर लॉगर दोन छायाचित्रांच्या मधला प्रत्येक खोळंबा तारीखवेळेसह जपतो, आणि खांबला दुपारच्या जेवणाला बोलावलेल्या पाहुण्याला तिन्हीसांजेला पोहोचल्यावर यजमानांपुढे ठेवण्यास याहून भक्कम पुरावा मिळणे कठीण.