बंद पद्मिनी सुरू करण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

प्रस्तुत मार्गदर्शन कोपर, डोंबिवली पश्चिम आणि लगतच्या परिसरातल्या अशा गृहस्थांसाठी आहे, ज्यांच्या इमारतीखाली ताडपत्री पांघरून एक प्रीमियर पद्मिनी उभी आहे आणि ज्यांनी घरी "दिवाळीपर्यंत सुरू करतो" असा शब्द दिलेला आहे. साल सांगितलेलं नसल्यामुळे शब्द अजून मोडलेला नाही.

पात्रता

कोपर पूल २०१९ मध्ये बंद झाला आणि २०२१ मध्ये पुन्हा खुला झाला. तेवढाच काळ उभी असलेली गाडी 'परवापर्यंत चालू होती' या सदरात मोडते. खरा उमेदवार तो, ज्याच्या गाडीच्या बॉनेटवर सोसायटीतल्या तीन पिढ्यांच्या मांजरांनी बाळंतपणं काढली आहेत.

गाडी कुर्ल्याची असल्याचा अभिमान जरूर बाळगावा. वालचंद हिराचंदांची प्रीमियर कंपनी १९४४ ची. फियाट ११०० डिलाइट तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून बनू लागली आणि १९७४ मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. ही माहिती तोंडपाठ असावी, कारण काम सुरू झाल्यावर जमणारी मंडळी हीच माहिती तुम्हाला चुकीच्या सनावळीसह सांगणार आहेत.

साहित्य

नवी बॅटरी, प्लग पाना, पॉलिश पेपर, फीलर गेज, थोडं इंजिन ऑइल, ताजं पेट्रोल, जुनं फडकं आणि एक मिस्त्री. मिस्त्री साठीच्या पुढचा असावा. तरुण मिस्त्री गाडीला स्कॅनर कुठे लावायचा ते शोधतो आणि सापडला नाही की हताश होतो.

कृती

१. *सेल्फ मारू नये.* ही सर्वांत अवघड पायरी आहे, कारण हात आपोआप किल्लीकडे जातो. एवढ्या वर्षांत सिलिंडरमधलं तेल सुकून रिंगा चिकटलेल्या असतात. खाडीकाठच्या दमट हवेने आत गंजही चढवलेला असतो. वायरींवर खुणा करून चारही प्लग काढावेत, प्रत्येक भोकात चमचाभर तेल सोडावं आणि रात्रभर थांबावं. सकाळी प्लग न लावता गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हळूच पुढे-मागे हलवावी. इंजिन फिरलं तर पुढे जावं. नाही फिरलं तर पुन्हा तेल, पुन्हा रात्र. जोर करू नये.

२. *करंट तपासावा.* टर्मिनलवरची हिरवट-पांढरी बुरशी गरम पाण्याने धुऊन काढावी. मग डेल्कोचं, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरचं, झाकण उघडावं. आत पॉइंटच्या दोन इवल्याशा टिकल्या एकमेकींवर टेकलेल्या दिसतील. दमटपणाने त्या राखाडी पडतात आणि करंट तिथेच अडतो. पॉलिश पेपरची घडी करून त्यांच्यात दोन-चार वेळा ओढावी आणि गेजने फट जुळवावी. मग प्लग परत बसवून वायरी खुणांप्रमाणे लावाव्यात. या इंजिनाचा फायरिंगचा क्रम १-३-४-२ आहे. शेजारी "एक-दोन-तीन-चार, सरळ आहे की" म्हणतील. त्यांचं ऐकल्यास गाडी सुरू होत नाही, पण फटाके छान वाजतात.

३. *जुनं पेट्रोल काढावं.* टाकीतल्या द्रवाला आता वॉर्निशचा वास येत असेल. तो गाडीला पाजू नये, शेजारच्या स्कूटरलाही पाजू नये. त्याच चिकट थराने कार्बोरेटरची जेट बुजलेली असतात. जेट खोलून हवा मारावी, त्यात तार घालू नये. पेट्रोल पंपाचा डायफ्राम आणि रबरी नळ्या बदलाव्यात. हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला त्या जुन्या रबरावर दया येत नाही.

४. *सलाईन लावावं.* टाकी साफ होईपर्यंत मिस्त्रीलोक बॉनेटला ताज्या पेट्रोलची बाटली उलटी टांगून नळी थेट कार्बोरेटरला देतात. गळती तपासावी, विड्या लांब ठेवाव्यात. या टप्प्यावर पहिल्या मजल्यावरचे काका खाली येतात.

"आयसीयूत आहे वाटतं?"

"नाही हो काका, जनरल वॉर्डात आणलंय."

"आमच्या वेळी नुसता धक्का मारला की चालू व्हायची."

काकांना धक्क्यासाठी बोलवावं. ते आपोआप वर जातात.

५. *आता सेल्फ.* चोक ओढावा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये, मध्ये मिनिटभर विश्रांती द्यावी. पेट्रोलचा वास आला तर गाडी ओव्हरफ्लो झाली. चोक आत ढकलून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून मारावं. पहिल्यांदा खोकेल, दुसऱ्यांदा शिंकेल, मग इमारतभर निळा धूर होईल. तो तुम्हीच ओतलेल्या तेलाचा आहे. सेक्रेटरींना तसं लेखी कळवावं. ऑइलचा लाल दिवा विझला नाही तर मात्र तत्काळ बंद करावी.

अडथळ्यांचा विचार

इतकं वाचल्यावर चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलं असेल की गाडीला लागतं फारच थोडं: करंट, पेट्रोल आणि हवा. हे शनिवार-रविवारचं काम आहे. मग ते इतकी वर्षं का झालं नाही? कारण उभ्या गाडीचं कौतुक असतं. तिच्याविषयी बोलता येतं, बाबांनी किती वर्षं नंबर लावून घेतली ते सांगता येतं. सुरू झालेल्या गाडीला मात्र कागद लागतात. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण, पर्यावरण कर, विमा, पीयूसी. 'व्हिंटेज' म्हणून सवलत मागावी तर २०२१ च्या नियमाने गाडी पन्नास वर्षांची लागते, आणि तुमची १९८६ ची. म्हणजे भंगारवाल्याच्या मते म्हातारी, आरटीओच्या मते पोरवयाची. म्हणून दर वेळी नेमका डायफ्रामच मिळत नाही. डायफ्राम मिळतो. तो शोधायचा नसतो, एवढंच.

ज्यांना हे मान्य आहे त्यांनी ताडपत्री नवी घ्यावी आणि गाडी सुखाने विकावी किंवा ठेवावी. बाकीच्यांनी पुढे वाचावं.

पहिली फेरी

आधी ब्रेक. चारही चाकांना ड्रम आहेत आणि त्यांचे सिलिंडर बहुधा जाम आहेत. सुरू न होणाऱ्या गाडीने आजवर कुणाला धडक दिलेली नाही. न थांबणारीचं तसं नसतं. ब्रेक ऑइल, टायर, कूलंट बदलून कागद हातात आले की मगच फाटकाबाहेर पडावं. मार्ग: कोपर पूल ओलांडून पूर्वेला, तिथून कल्याण-शीळ रस्ता. त्याच रस्त्यावर प्रीमियरचा दुसरा कारखाना होता, नव्वदच्या दशकात तिथून प्यूजो ३०९ निघायची. माहेर कुर्ल्याचं असलं तरी मावशीच्या दारावरून जाऊन यावं. बॅटरी चार्ज व्हायला अर्धा-पाऊण तास गाडी चालती राहायला हवी. डोंबिवलीच्या वाहतुकीत तेवढ्यात दोन सिग्नल होतात.

महत्त्वाची सूचना

निघताना घरातलं एक खमकं माणूस खुर्ची टाकून गाडीच्या जागेवर बसवून जावं. पद्मिनी हलण्याची वाट तुमच्याइतकीच आणखी चार स्कूटरवाले पाहत होते, आणि त्यांच्या गाड्या पहिल्याच किकला सुरू होतात.