फोर्ककाका

पुण्याच्या जुन्या पेठांत असा एक गृहस्थ असतोच. त्याच्या बोळात ताडपत्रीखाली बुलेट उभी असते, इंजिनखाली विटा असतात आणि पुढचं चाक जिन्याखाली असतं. टाकी इतकी चकचकीत, की तिच्यात बघून दाढी करावी. सगळं तयार आहे, फक्त पुढचं चाक धरणारा फोर्क ठरायचाय. तो गेली कित्येक वर्षं ठरतोच आहे. अशा गृहस्थाला आम्ही फोर्ककाका म्हणतो.

‘कोणता फोर्क घेताय?’ असं त्यांना विचारू नये. चहा दोनदा होतो. कथा १९३५ पासून सुरू होते. त्या साली बीएमडब्ल्यूने आर-१२ला हायड्रॉलिक टेलिस्कोपिक फोर्क बसवला आणि काकांच्या मते जगाची दृष्टी तिथेच बिघडली. पाइपात पाइप, आत स्प्रिंग आणि तेल. माणसाने बघायचं काय? त्यापेक्षा स्प्रिंगर! स्प्रिंगा उघड्या, सांधा न् सांधा हलताना दिसतो. हार्लेने १९४९ साली टेलिस्कोपिक फोर्कवाली हायड्रा-ग्लाइड आणून त्याला बाजूला सारलं, हे काकांना अजून सहन होत नाही. हार्लेवर ते कधी बसलेले नाहीत, ही गोष्ट वेगळी. अर्ल्स फोर्कचं नाव निघालं की मात्र आवाज हळवा होतो. त्यात पुढचा ब्रेक दाबला की गाडीचं तोंड खाली जात नाही, उलट थोडं वर येतं. “स्वाभिमान म्हणतात याला!”

मध्यंतरी १९६९चा ‘ईझी रायडर’ बघून लांबलचक चॉपर फोर्कचं खूळ आलं होतं. मग कागदावर आकडेमोड झाली. पाइप लांबवले की गाडी पुढून उचलली जाते, रेक, म्हणजे फोर्कचा तिरकेपणा, वाढतो, त्याबरोबर ट्रेल, म्हणजे चाक वळण्याच्या रेषेच्या मागे टेकण्याचं अंतर, वाढतो. हमरस्त्यावर गाडी नाकासमोर जाते, पण सावकाश वळताना हँडल जड होऊन एका अंगाला कलंडू बघतं. अप्पा बळवंत चौकात हे कसं जमायचं?

“वळायला आधी सुरू व्हायला हवी,” काकू आतून म्हणाल्या. त्या चर्चेत भाग घेत नाहीत, फक्त निकाल देतात.

बुधवार-रविवार जुना बाजार. खिशात व्हर्नियर, पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला काचेचा तुकडा. पाइप काचेवर लोळवायचा आणि खालून उजेड दिसतो का पाहायचं. दिसतोच. सरळ निघालाच, तर क्रोम उडालेलं असतं, म्हणजे ऑइल सील टिकणार नाही. नव्या गाडीचा डिस्कवाला फोर्क नाना पेठेत मिळतो, पण त्याचा पाइप जाड, म्हणून पाइप धरणारी टी बदला. टीचा दांडा बुलेटच्या फ्रेमला बसत नाही, म्हणून दांडा बदला, बेअरिंग बदला. शेवटी काका मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ काढतात, कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार नको म्हणणारं. सरकारवर त्यांचा एवढा विश्वास एरवी कधी दिसत नाही.

पण खोटं कशाला बोला, ज्ञान पक्कं आहे. पेठेतली पोरं त्यांना विचारूनच फोर्क घेतात आणि महिन्याभरात ताम्हिणीला जाऊन येतात. काका त्यांच्या गाड्यांच्या सीलमधून तेल गळतंय का, एवढंच वाकून पाहतात.

परवा गॅरेजवाल्याने विषय काढला. “काका, तुमचा पुढचा ओरिजिनल शॉकअप माझ्याकडे पडूनच आहे. पाइप सरळ आहेत. सील टाकतो, तेल भरतो, संध्याकाळी चालवत घरी न्या.”

काकांचा चेहरा उतरला. “आज?”

“आजच.”

“अरे, पितृपक्षात?”

गॅरेजवाल्याने मान वळवून भिंतीवरच्या कालनिर्णयकडे पाहिलं. वैशाख चालू होता.