‘टकाटक कंडिशन’वाल्या सद्गृहस्थांस खुले पत्र

मिरजगाव, ता. कर्जत, जि. अहिल्यानगर

रा. रा. विक्रेते महाशय यांस,


आपला सेकंड हँड, रिमोटवर चालणारा नायट्रो ट्रक सुखरूप पोचला. पोच आधीच द्यायची, पण पेटीतून नेमकं काय पोचलं याचा पंचनामा करण्यात वेळ गेला.

सुरुवात कौतुकानं करतो. वरची बॉडी अप्रतिम. पॉलिश मारलेली, स्टिकर सरळ रेषेत, रिमा पुसून लखलखीत. फोटोत जेवढं येतं तेवढं तुम्ही जीव ओतून साफ केलंत. मग आम्ही चार क्लिपा काढून बॉडी उचलली. एवढा उपद्व्याप कुणी करेल असं बहुधा तुमच्या मनातही आलं नसावं.

चेसिसवर काळ्या कीटाचा थर. त्यात मुरूम, वाळू, केस, कुसळं आणि एक आख्खा मेलेला मुंगळा. नायट्रोच्या इंधनात मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनबरोबर तेलही असतं आणि ते सगळं जळत नाही. उरलेलं सायलेन्सरमधून बाहेर पडून खालच्या पत्र्यावर बसतं, त्यावर धूळ बसते. गाडी फिरवून आणल्यावर लगेच टूथब्रश नि थोडं स्पिरिट घेतलं की दहा मिनिटांत साफ. तुम्ही मात्र तो थर जपून ठेवलात. आम्हाला तो स्क्रू ड्रायव्हरनं खरवडावा लागला, तेव्हा कुठं स्क्रूंची डोकी दिसली.

धुळीचं आम्हाला अप्रूप नाही. कर्जत तालुका कायमचा अवर्षणाचा. उन्हाळ्यात शेतरस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की मागचा माणूस फुफाट्यात दिसेनासा होतो. पण इंजिनाच्या तोंडाशी ही धूळ अडवायची असते, हे इथं ज्वारीच्या मळणीयंत्रावर राबणाऱ्या पोरालाही ठाऊक आहे. तुमच्या एअर फिल्टरचा स्पंज आम्ही हातात घेतला तर कोरडा ठणठणीत. अहो, तो कोमट साबणाच्या पाण्यात धुवायचा, पूर्ण वाळवायचा, मग फिल्टरच्या तेलात मळून, पिळून बसवायचा. धूळ धरून ठेवतं ते तेल. कोरड्या स्पंजातून बारीक माती सरळ कार्बोरेटरमध्ये उतरते. या इंजिनाच्या पिस्टनला रिंगा नसतात. ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि आतून क्रोम चढवलेली पितळी स्लीव्ह, वरच्या बाजूला किंचित निमुळती. त्या घट्ट बसण्यावरच सगळं कॉम्प्रेशन. मिनिटाला तीस हजारांच्या घरात फेरे घेणाऱ्या यंत्रात तुम्ही पॉलिश पेपर सोडलात, तोही फुकट. औदार्य म्हणतात ते हेच.

फोनवर तुम्ही अभिमानानं सांगितलंत, “प्रत्येक वेळी वॉशिंग सेंटरवर प्रेशरनं धुतलाय.” सांगितलं नसतंत तरी कळलं असतं. मागच्या चाकाचं बेअरिंग हातात घेऊन फिरवलं, तर खर्र खर्र करून मधेच अडकलं. शील्ड काढली, तर छर्रे तांबूस झालेले. प्रेशरचं पाणी बेअरिंगमधलं ग्रीस बाहेर काढतं आणि त्याच्या जागी स्वतः मुक्कामाला राहतं. रिसीव्हरच्या डबीतही पाण्याचे ओघळ होते. अशा गाडीला कॉम्प्रेसरची हवा आणि ब्रश पुरतो. हवा तर पंक्चरवाल्याकडेही मिळते.

पण मुख्य गुन्हा पुढेच आहे. स्टार्टरची दोरी ओढली, ती हललीच नाही. इंजिन जाम. म्हणून गाडी आमच्या नानांच्या गॅरेजात नेली. आमच्या जिल्ह्याला टू-स्ट्रोक इंजिन नवं नाही. 1972 साली लूना आली, ती बनवणाऱ्या कायनेटिक इंजिनिअरिंगचा कारखाना नगरातच. नानांनी उभी हयात लूनाचे सायलेन्सर काढून त्यांतली काजळी जाळण्यात घालवली. त्यांनी तुमच्या ट्रकचा प्लग काढला, वास घेतला, टाकीचं झाकण उघडलं. आत तुमचं इंधन तसंच, तळाशी गढूळ. नाना म्हणाले, “हे चालून नाय मेलं. हे ठिवून मेलं.”

निदान अचूक होतं. मिथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि क्रँकच्या पोलादी बेअरिंगला गंज चढवतं. म्हणून गाडी ठेवताना टाकी रिकामी करायची, नळीतलं इंधन संपून इंजिन आपोआप बंद पडू द्यायचं, प्लग काढून आत आफ्टर-रन तेलाचे चार थेंब सोडायचे, दोरी थोडी ओढून ते सगळीकडे फिरवायचं आणि पिस्टन खाली आणून ठेवायचा. वर राहिला तर थंड होताना स्लीव्ह त्याला आवळते. तुम्ही यातलं काहीही केलं नाहीत. गाडी बंद केलीत, बॉडी पुसलीत, कपाटात ठेवलीत. नानांनी हेड गरम करून, तेल सोडून, फ्लायव्हील इकडंतिकडं हलवत पिस्टन सोडवला. सुटताना आलेला आवाज तुम्हाला ऐकवायला हवा होता.

“नसलं इंधन तर पेट्रोल टाका, चालतं,” हा आपला सल्लाही मोलाचा. या इंजिनाला ठिणगी पाडणारा प्लगच नाही हो. प्लॅटिनमची बारीक तार मिथेनॉलच्या संगतीत तापलेली राहते, तीच जाळ लावते. पेट्रोलवर चालणारे मोठे रिमोटचे ट्रक वेगळे, त्यांना स्पार्क प्लग असतो. तुम्ही काय विकताय हे तरी विकण्याआधी वाचायचं होतं.

इथवर मी हसून घेतलं. पेटीच्या कोपऱ्यात निघालेल्या बाटलीवर मात्र हसता येत नाही. उरलेलं इंधन तुम्ही ‘भेट’ म्हणून पाठवलंत, तेही थंड पेयाच्या बाटलीत, वर कसलीही चिठ्ठी नाही. रंगीत पाणी. घरात लहान पोरं आहेत, गॅरेजात तहानलेली माणसं येतात. मिथेनॉलचे थोडे घोट माणसाला आंधळं करायला पुरतात. 2015 साली मुंबईत मालवणीला मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभराहून अधिक माणसं गेली. बातमी तुमच्याही वाचनात आली असेल.

बेअरिंगांचा संच आणि पिस्टन-स्लीव्ह मागवलंय. पैसे परत मागत नाही; तुमचा फोन हल्ली लागतच नाही, त्यामुळे तो प्रश्नही सुटला आहे. परवा मात्र तुमची दुसरी जाहिरात दिसली. दुसरा ट्रक, तशीच चकाकती बॉडी, खाली तेच शब्द, ‘टकाटक कंडिशन’. खुशाल विका. पण गिऱ्हाईक येण्याआधी, आज रात्रीच, टाकी उलटी करा, प्लग काढून तेलाचे थेंब सोडा, पिस्टन खाली आणा. फिल्टर धुवा. आणि इंधन त्याच्या मूळ डब्यातच द्या, नाव दिसेल असं.

बॉडी पुसायची गरज नाही. ती तुम्ही पुसली असणारच.

आपला,
एक गिऱ्हाईक